धुराचा पत्ता

तुकोजीराव मोहित्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते रस्त्यात उकिडवे बसून एका ऑटोच्या सायलेन्सरला पांढरा रुमाल बांधत होते. त्या ऑटोत मी बसलो होतो, मांडीवर बॅग आणि पायाशी वळकटी घेऊन. यशवंतपूर स्टेशनवर उतरून मल्लेश्वरममधलं त्यांचं घर शोधत आलो होतो. वरची खोली भाड्यानं मिळेल असं पुण्यात कुणीतरी सांगितलं होतं. घर सापडलं, पण घरमालकांचं लक्ष भाडेकरूकडे नव्हतं.

“इंजिन बंद करू नको, स्वल्प थांब,” ते ड्रायव्हरला म्हणाले.

ड्रायव्हरनं मागं वाकून पाहिलं आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. यांनीही कन्नडमध्येच उत्तर दिलं, आणि ड्रायव्हर खो खो हसला. ते संभाषण मला पुढं त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, मराठी करून सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला होता, “सार, माझ्या गाडीचं लग्न लावताय काय?” आणि हे म्हणाले होते, “लग्न होऊन गेलंय. आता काय जन्माला येतंय ते बघतोय.”

थोड्या वेळानं त्यांनी रुमाल सोडला. मधोमध तेलकट काळा डाग उमटला होता. तो त्यांनी ड्रायव्हरला दाखवला नाही, माझ्या नाकासमोर धरला.

“पुण्याचे तुम्हीच ना? बघा. स्टेशनपासून इथवर एवढं काजळ आमच्या गावात सोडलंत. सरी, या आत. कॉफी घेणार?”

अपराधी वाटायला मला तसंही फारसं निमित्त लागत नाही. इथं तर घरात पाऊल टाकण्याआधीच गुन्हा शाबीत झाला होता. मी मान खाली घालून आत गेलो आणि नोकरीची पहिली काही वर्षं त्या घराच्या वरच्या मजल्यावर काढली.

मी मनातलं बोलणारा माणूस नव्हे. बायको म्हणते, माझ्याशी बोलणं म्हणजे बंद दुकानाची कडी वाजवणं. पण परवा सर्जापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या एका मुलानं हायब्रिड गाडी घेतली आणि पेढे वाटताना मला विचारलं, “काका, पर्यावरणाला खरंच चांगली ना ही?” मी “हो हो” म्हणून पेढा तोंडात टाकला आणि लिफ्टनं वर आलो. वर येईपर्यंत ते ‘हो हो’ मलाच पटेनासं झालं. कारण तसली एक गाडी, त्या मुलाच्या जन्माच्याही आधी, मी फार जवळून पाहिलेली आहे. आणि ती कशानं बंद पडली हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या गल्लीत कुणी म्हणायचे म्हातारा दमला, कुणी म्हणायचे पोलिसांनी अडवलं. दोन्ही खोटं. ती गाडी माझ्या एका वाक्यानं बंद पडली.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. एका मोठ्या सरकारी कारखान्यातून विजेच्या खात्याचे मुख्य इंजिनियर म्हणून ते निवृत्त झाले होते आणि ही गोष्ट त्यांनी कुणापासून लपवून ठेवली नव्हती. गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका. शहाजीराजांच्या बरोबर त्यांचं घराणं इकडं आलेलं. मला ते सुनावायचे, “तुम्ही लोक तिथंच राहिलात. आम्ही पुढं आलो.” त्यांच्या मराठीत तीनेकशे वर्षांचं कन्नड मुरलेलं होतं. राग आला की “अय्यो”, पटलं की “सरी”, आणि माझ्या मराठीला मात्र ते “पेपरातली भाषा” म्हणत. मला माझ्या नावानं त्यांनी कधी हाक मारली नाही. मी कायमचा पुणेकर.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता: धूर गेला कुठं? कुठलीही गोष्ट स्वच्छ झाली असं कुणी म्हटलं की हा प्रश्न यायचाच. शेजाऱ्यांनी चुलीऐवजी हिटरवर पाणी तापवायला सुरुवात केली आणि सांगितलं, आता घरात धूर नाही. अण्णा म्हणाले, “घरात नाही, खरं. मग गेला कुठं? रायचूरकडं वीजघरात कोळसा जळतो, तेव्हा तुमचं आंघोळीचं पाणी तापतं.” शेजाऱ्यांनी त्या दिवसापासून त्यांच्यासमोर आंघोळीचा विषय काढला नाही. एकदा त्यांचे एक चुलते वारले. विद्युतदाहिनीत नेलं. धूर नाही, वास नाही, किती सोय झाली, असं लोक हात जोडून हळू आवाजात बोलत होते. अण्णा दिसेनात. शोधलं तर ते इमारतीच्या मागं जाऊन, कपाळावर हात धरून, चिमणीकडं बघत उभे. अक्का म्हणाल्या, “मेलेल्या माणसाला तरी सोडा हो.”

आता या अक्का. ठेंगण्या, हसऱ्या, आणि दम्याच्या. बोलताना मध्येच थांबून श्वास गोळा करायच्या आणि नेमका टोला त्या श्वासानंतर यायचा. त्यामुळे त्या थांबल्या की अण्णा सावध व्हायचे.

अक्कांची धाकटी बहीण सरसू देवनहळ्ळीला राहायची. तिचे पाय एका दुखण्यात गेले होते, खाटेवरून उठता येत नव्हतं. तिला इकडं येणं अशक्य, म्हणून महिन्यातून एकदा अक्का तिकडं जायच्या. पण बसमध्ये एकदा हेब्बाळच्या चढावर पुढच्या ट्रकचा धूर असा काही आत भरला की अक्कांना मध्येच उतरवावं लागलं. रस्त्याच्या कडेला एका पानवाल्याच्या बाकावर त्या निळ्या पडून बसल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, आता मोठ्या रस्त्याला जायचं नाही. आगगाडी होती, पण रूळ रुंद करायच्या कामासाठी तीही लाइन तेव्हा बंद केलेली. झालं, बहिणींची भेट बंद. सरसू ओळखीच्या कंडक्टरबरोबर पपनसं पाठवायची. अक्का ती सोलून सगळ्यांना वाटायच्या आणि स्वतः साल हुंगत बसायच्या.

अण्णांनी गाडी करायला घेतली ती यासाठी. घरापासून हेब्बाळच्या पुढंपर्यंत, जिथं गर्दी आणि धूर, तिथं गाडी बॅटरीवर चालवायची. काचा बंद, इंजिन बंद. मोकळ्या रस्त्याला लागलं की पेट्रोल. अक्कांना सरसूच्या दारात श्वास न अडकता उतरवायचं. बाकी जगाला सांगायला मात्र त्यांच्याकडं मोठं भाषण होतं: उद्या साऱ्या गावाला अशाच गाड्या लागणार, पेट्रोल अर्धं, धूर अर्धा.

“ह्याला हायब्रिड म्हणतात,” त्यांनी अक्कांना सांगितलं.

“हायब्रिड टोमॅटो खाल्लेत मी,” अक्का म्हणाल्या. श्वास घेतला. “चव नसते.”

गाडी त्यांची स्वतःचीच होती, हिरवी, गोल पाठीची, वयानं जवळजवळ माझ्याएवढी. कारखान्यात माल उचलणाऱ्या गाडीची एक जुनी मोटर त्यांनी लिलावात घेऊन ठेवली होती. ती खाली बसवून पट्ट्यानं चाकांच्या दांड्याला जोडली. मागची सीट काढून तिथं ट्रकच्या बॅटऱ्या रांगेनं मांडल्या. अक्कांना बसायला पुढची जागा उरली. सरसूसाठी न्यायचा डबा कुठं ठेवायचा, हा प्रश्न अक्कांनी विचारला, त्याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही.

त्या दिवसांत बंगळुरात वीज मनाला येईल तेव्हा जायची. एका संध्याकाळी ऑफिसातून आलो तर अंगणात गाडी उभी, इंजिन धडधडतंय, आणि अण्णा खुर्ची टाकून पेपर वाचतायत.

“कुठं निघालात अण्णा?”

“कुठं नाही. करंट गेलाय. इंजिन लावून बॅटऱ्या भरतोय.”

मी वर जायला वळलो, पण पाय अडखळले. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असावं. अण्णांनी पेपर खाली केला. “बोल की. पेट्रोल वाचवायला पेट्रोल जाळतोय, असंच म्हणायचंय ना तुला? अय्यो, मलाही दिसतंय ते. बसलोय तो त्याचाच विचार करत.”

आणि खरंच ते त्याचाच विचार करत बसलेले असायचे. या माणसाची गंमत ही होती की स्वतःच्या गाडीचा सर्वांत मोठा वैरी तोच होता. एकदा मी कौतुकानं म्हणालो, बॅटरीवर धूर नाही म्हणजे पापच नाही. तर म्हणाले, “ते पावसावर आहे. पाऊस चांगला झाला तर शरावतीच्या पाण्यावर वीज होते. नाही झाला तर कोळशावर. म्हणजे माझी ही गाडी श्रावणात पुण्यवान आणि वैशाखात पापी.” मग जरा थांबून, “लग्नाआधी विचारायला पाहिजे होतं असलं. आता घरात आलीय.”

पहिल्या चाचणीला मी बरोबर होतो. सकाळी यशवंतपूरच्या बाजूनं निघालो. बॅटरीवर गाडी खरंच आवाज न करता चालली, आणि त्याचाच घोटाळा झाला. लोकांना गाडी आल्याचं कळेना. एका म्हशीला पाठीमागून हळूच आमचा बंपर लागला. ती दचकली नाही, फक्त वळून तिनं अण्णांकडं असं बघितलं की अण्णांनी काच खाली करून तिची माफी मागितली. त्यानंतर मला खिडकीबाहेर डोकं काढून “सरका, सरका” ओरडायचं काम मिळालं. मी पुटपुटल्यासारखा ओरडायचो. “पुणेकर,” अण्णा म्हणाले, “तुझ्यापेक्षा इंजिन बरं होतं. निदान आवाज करायचं.”

हेब्बाळच्या चढावर बॅटऱ्या दमल्या. अण्णांनी दिमाखात पेट्रोल सुरू केलं. पण बॅटऱ्यांचं ओझं तसंच होतं आणि इंजिन म्हातारं. गाडी कण्हत कण्हत चढली, मागं काळा लोट सोडत. मी डोळे मिटून घेतले. घरी आल्यावर त्यांनी टाकीत पट्टी घालून हिशेब केला, पुन्हा केला, आणि टाळी वाजवून बाहेर आले.

“आधीपेक्षा जास्त पेट्रोल प्यायली!” त्यांचा चेहरा मुलगा पास झाल्यासारखा. “ऐकलंस काय गं? जास्त!”

“मग हसताय कशाला?” अक्का आतून म्हणाल्या.

“चूक कुठं आहे ते कळलं. आता वजन कमी करायचं.”

त्या वेळी जपानात तशी गाडी निघाल्याची बातमी पेपरात आली. अण्णांनी ती कापून भिंतीला लावली आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘आमच्यानंतर.’

आता मला जिथं यायचं नव्हतं तिथं आलो.

एके दिवशी अंगणातून एक बॅटरी चोरीला गेली. तेव्हापासून अण्णा रोज संध्याकाळी बॅटऱ्या गाडीतून काढून घरात आणू लागले. गॅस सिलिंडरच्या ढकलगाडीवरून मी त्या एकेक आत न्यायचो. मधल्या खोलीत त्या ओळीनं ठेवायच्या आणि रात्रभर चार्जिंगला लावायच्या. मधल्या खोलीच्या पलीकडची खोली अक्कांची, मध्ये नुसता पडदा. रस्त्याचा धूर अक्कांपर्यंत पोचू नये म्हणून अण्णांनी त्या बाजूच्या साऱ्या खिडक्यांच्या फटीत जुन्या धोतराच्या पट्ट्या कोंबून टाकल्या होत्या. हवेलाही आत यायला वाट नाही, बाहेर जायलाही नाही.

अक्कांचा सकाळचा खोकला वाढला. मला घड्याळ लावावं लागायचं नाही, मी त्या खोकल्यानंच उठायचो. अण्णा म्हणत, रस्त्यावरचे ऑटो वाढलेत, बघतोस ना. आणि अजून जोमानं गाडीच्या मागं लागत. लवकर पुरी झाली पाहिजे, हिला या धुरातून बाहेर काढली पाहिजे. त्यांच्या बोलण्यात आता भाषण उरलं नव्हतं, घाई होती.

मग मोटरची तार जळली. अण्णांनी मोटर, बॅटऱ्या, सगळा संसार टेम्पोत घालून यशवंतपूरला एका मित्राच्या शेडमध्ये नेला. आठवडाभर काम चाललं. त्या आठवड्यात मी ऑफिसला रोज उशिरा पोचलो, कारण खालून खोकलाच ऐकू यायचा नाही. रस्ता तोच होता, ऑटो तेच होते.

बॅटऱ्या परत आल्या. दुसऱ्या सकाळपासून मी पुन्हा वेळेवर उठू लागलो.

मग जे आधी नुसतं बघितलं होतं ते जोडलं गेलं. त्या खोलीत पाऊल टाकलं की घशाला ओरखडा येणारा आंबट वास. देवाजवळच्या पितळी समईवर चढलेला हिरवा थर. वाळत घातलेल्या अक्कांच्या लुगड्याला पडलेली टाचणीच्या टोकाएवढी भोकं. चार्ज होताना बॅटऱ्या अ‍ॅसिडची वाफ सोडतात हे मलाही माहीत असायला हवं होतं. अण्णांना तर माहीत होतंच, पण ते बघत होते रस्त्याकडं.

मी जिन्यावर वाक्य तयार करायचो आणि खाली आलो की हवापाण्यावर बोलायचो. मला दिसत होतं, हे बोललो तर त्या माणसाच्या हातात काय उरेल. न बोललो तर काय होईल तेही ऐकू येत होतं, रोज सकाळी. असे बरेच दिवस गेले. शेवटी एका रविवारी कॉफी पिताना माझ्या तोंडून निघालं.

“अण्णा, एक विचारू?”

“विचार. भाडं कमी होणार नाही.”

“धूर गेला कुठं?”

अण्णांचा चेहरा फुलला. इतक्या वर्षांत हा प्रश्न दुसऱ्या कुणी त्यांना विचारला नव्हता. “कसला रे?”

“गाडी बॅटरीवर चालते तेव्हाचा. तुम्ही म्हणता, रायचूरला जातो. पण मला वाटतं...” माझा आवाज त्या म्हशीच्या वेळी होता तसाच निघत होता. “मला वाटतं सगळा तिकडं जात नाही. थोडा अक्कांच्या खोलीत जातो.”

अण्णांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मला वाटलं, ओरडतील. बरं झालं असतं. ते उठले, मधल्या खोलीत गेले, चार्जिंगचं बटण दाबलं, आणि आतून दार लावून घेतलं.

मी आणि अक्का बाहेर बसून राहिलो. कॉफी निवून गेली. मग एक खोकला आला. मग दुसरा. मग उबळ. अक्का पदर सारखा करत म्हणाल्या, “असू दे. बघू दे त्यांना. त्याशिवाय पटायचं नाही.”

अण्णा बाहेर आले तेव्हा डोळे लाल झाले होते, आणि ते नुसते वासानं झाले होते असं मला आजही म्हणवत नाही. ते अक्कांच्या समोर जमिनीवरच बसले.

“तुला ठाऊक होतं?”

“लुगड्याला भोकं पडली तेव्हाच.”

“मग बोलली का नाहीस?”

अक्का थांबल्या. श्वास गोळा केला. अण्णा नेहमीप्रमाणं सावध झाले नाहीत, नुसते बघत राहिले.

“कुणाला बोलू? माझ्यासाठी गाडी करत होतात, अख्ख्या गल्लीला तिचं भाषण देत फिरत होतात. नको म्हणायला जीभ उचलेना. आणि म्हटलं, इंजिनियर आहेत, आज ना उद्या कळेल.” मग माझ्याकडं बघून, “भाडेकरूला आधी कळेल असं नव्हतं वाटलं.”

अण्णा हसायला गेले आणि पुन्हा खोकले.

मी घाईघाईनं उपाय सांगू लागलो. अंगणात पत्र्याची खोली करू, कुलूप लावू, उघड्यावर वाफ उडून जाईल. ते सगळं करता आलं असतं, आणि ते खरंही होतं. अण्णांनी मान हलवली. “होईल. अंगणाला लागून शेजारच्या मास्तरांची खिडकी आहे, तिकडं थोडी जाईल. थोडीच. चालेल म्हणतोस?” त्या ‘चालेल म्हणतोस’मध्ये चिडवणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅटऱ्या टेम्पोत घातल्या आणि विकायला म्हणून यशवंतपूरला भंगारवाल्याकडं गेले. दुपारी परत आले, त्याच बॅटऱ्यांसकट.

“घेतल्या नाहीत?” अक्कांनी विचारलं.

“घेत होता. आनंदानं घेत होता. मी म्हटलं, घेऊन काय करणार, दाखव. मागं नेलं.” अण्णा पाय धूत होते, पुन्हा पुन्हा. “हातोडीनं फोडतात. अ‍ॅसिड गटारात. आणि आतलं शिसं कढईत वितळवतात, उघड्यावर. पलीकडं भिंतीला लागून घरं आहेत. दारात बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या, अगदी आरामात. मी उभा राहिलो. मग म्हटलं, माझ्या बॅटऱ्या परत चढव.”

“आणि आता ह्यांना इथं जेवायला घालायचं?”

“आपण आणल्या, आपण सांभाळायच्या.”

त्या बॅटऱ्या मी तिथं होतो तोवर अंगणाच्या कोपऱ्यात फरशीखाली झाकून होत्या. मोटर काढली. मागची सीट परत बसली. गाडी पुन्हा साधी पेट्रोलची झाली, आणि तीही फारशी बाहेर निघेनाशी झाली. अक्कांच्या खिडक्यांतल्या धोतराच्या पट्ट्या अण्णांनी स्वतः ओढून काढल्या. रस्त्याचा धूर आत येऊ लागला. खोकला मात्र कमी झाला.

एकदाच मी त्यांना सरळ विचारलं, मग तसली गाडी चांगली की वाईट? म्हणाले, “गाडीला कशाला चांगलं-वाईट म्हणतोस? ते धूर ढकलायचं यंत्र आहे. कधी थोडा कमी करून ढकलतं, कधी नुसताच ढकलतं. कुणाच्या दारात ढकलतोय ते जाऊन बघितलं पाहिजे. आणि बघायला कुणी जात नाही, कारण मग माझ्यासारखं होतं.” आताच्या गाड्यांचं मला ठाऊक नाही. त्यांच्या बॅटऱ्या वेगळ्या, ब्रेक मारताना आपल्या आपण भरतात म्हणे, गावातल्या गर्दीत पेट्रोल खरंच कमी लागतं म्हणे. खालच्या मजल्यावरच्या मुलाला हो म्हणालो ते अगदीच खोटं नसेल. पण मी मागं जाऊन काही बघितलेलं नाही.

अण्णांचं प्रश्न विचारणं त्यानंतर कमी झालं. पायरीवर बसायचे, ऑटो समोर थांबला तरी उठायचे नाहीत. भिंतीवरची जपानची बातमी त्यांनी काढली नाही, पण तिच्यावर कॅलेंडर टांगलं. अक्कांचा श्वास सुधारला होता आणि देवनहळ्ळीची भेट होती तिथंच होती. अक्का पुन्हा साली हुंगत बसायच्या. मला वाटायचं, मी एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं. जरा वेगळ्या शब्दांत सांगता आलं असतं का, अक्कांना बाजूला घेऊन आधी विचारता आलं असतं का, बॅटऱ्या पहिल्यांदा आत ढकलल्या तेव्हाच माझ्या नाकाला कळायला नको होतं का. त्या दोघांनी मला एका शब्दानं कधी दोष दिला नाही. त्यामुळे तो कुठं ठेवावा हे मला कळलं नाही आणि तो माझ्याकडंच राहिला.

पुढं ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलं, मीही तिकडं खोली घेतली. निघताना अक्कांनी पपनस दिलं. अण्णा म्हणाले, “ऑटोनं जाऊ नको, बसनं जा.” जाणं-येणं ठेवीन म्हणालो होतो. ठेवलं नाही. का, ते वर लिहिलंच आहे.

त्यानंतरच्या थंडीत पुण्याहून आईवडील यायचे होते, त्यांना घ्यायला सकाळी यशवंतपूरला गेलो. त्यांच्या गाडीला वेळ होता. पलीकडच्या फलाटावर चिक्कबळ्ळापूरकडं जाणारी पॅसेंजर लागलेली होती. रुळांचं काम संपून ती लाइन चालू झाल्याचं मी ऐकलं होतं, पण ती देवनहळ्ळीवरून जाते हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुढं डिझेलचं इंजिन काळाकुट्ट लोट सोडत होतं. अगदी शेवटच्या डब्यात, इंजिनापासून जितकं लांब बसता येईल तितक्या लांब, खिडकीत अक्का बसल्या होत्या. मांडीवर मोठा डबा होता. त्यांच्या शेजारी अण्णा, कडक पांढऱ्या शर्टात, समोरच्या एका भाजीच्या टोपलीवाल्याला काहीतरी समजावून सांगत होते. एका हातानं इंजिनाकडं दाखवायचे, मग दुसऱ्या हातानं डब्यातली माणसं. सगळा धूर घेऊन एवढ्या माणसांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला किती, असलं काहीतरी चाललं असणार. टोपलीवाला सुटायची वाट बघत होता.

अक्कांनी मला बघितलं. मी हात वर केला आणि हाक मारायला तोंड उघडलं. त्यांनी पटकन ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनीच अण्णांकडं खूण केली. रंगात आलेत, बोलू देत. मी हात खाली घेतला.

गाडी हलली. डबा माझ्या समोरून सरकला तेव्हा अण्णांचे दोन्ही हात हवेत होते, टोपलीवाला मान डोलावत होता, आणि अक्का खिडकीच्या गजांना गाल टेकवून, डोळे मिटून, मोठा श्वास आत घेत होत्या.